रेघेखालचा आकडा

आमच्या वहीत १८ डिसेंबर २०१९ या तारखेपुढे एक आकडा खोडलेला आहे. १.२. त्यावर निळ्या शाईची एकच आडवी रेघ, बाजूला माझी सही आणि शेरा: ‘धूर असावा. धरू नये.’ आकडा अण्णांचा होता, रेघ माझी.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. कुठली गाडी किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली हे स्टँडवरच्या खिडकीत बसून लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नोंदीच्या बाबतीत त्यांचे दोन नियम होते. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायची नाही, आणि लिहिलेलं गिरवायचं नाही. चुकलंच तर एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. निवृत्तीनंतर हे दोन्ही नियम कोरेगावच्या आमच्या गच्चीवर आले, कारण २०१६ च्या हिवाळ्यापासून आम्ही दोघं एका ताऱ्याची नोंद ठेवू लागलो होतो. तो तारा म्हणजे काक्षी, इंग्रजीत बीटलज्यूस.

मृग आपल्याकडे कुणाला दाखवावा लागत नाही. चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागून धावणारा व्याध. आजीने मला अंगणात बाजेवर झोपवून हे दाखवलं, तिला तिच्या आजीने दाखवलं असणार. मृगाच्या डोक्याजवळच्या दोन पायांपैकी एक पाय तांबूस आहे, तोच काक्षी. आर्द्रा नक्षत्र म्हणजे हाच तारा, असंही पुष्कळ जण मानतात. तिरका समोरचा निळसर पाय म्हणजे राजन्य. दोघेही महाराक्षसी तारे, पण एक थंड आणि फुगलेला, दुसरा तापलेला आणि त्या मानाने आटोपशीर. काक्षी सूर्याच्या जागी आणून ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात जातील.

एवढा मोठा तारा स्थिर राहत नाही. तो फुगतो, आकसतो, उजळतो, मंदावतो. जॉन हर्शेल यांच्या हे १८३६ साली लक्षात आलं, तेव्हा ते दक्षिण आफ्रिकेत केपला आकाश पाहत होते. त्यांच्यापाशी मोठी दुर्बीण होती, पण काक्षीचा बदल टिपायला ती लागत नाही. शेजारचे तारे लागतात आणि धीर लागतो.

पद्धत अशी. काक्षीपेक्षा थोडा तेजस्वी असा एक तारा घ्यायचा आणि थोडा मंद असा एक. त्यांच्या प्रती, म्हणजे तेजाचे आकडे, ठरलेल्या आहेत. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१, मृगाचाच आणखी एक पाय बेलाट्रिक्स १.६. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. काक्षी या दोघांच्या मधे कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं, आणि वेळेसकट लिहायचं. रूपविकारी, म्हणजे उजेड बदलणारे, तारे पाहणाऱ्या हौशी मंडळींची अमेरिकेतली संघटना १९११ पासून अशा नोंदी जमवते. तिच्या नकाशांवर प्रतीचे आकडे दशांशचिन्हाशिवाय छापलेले असतात, ०.९ ला ९ आणि १.१ ला ११, कारण छापलेला टिंब चुकून तारा वाटू शकतो. हे कळलं तेव्हा अण्णा खूप वेळ तो नकाशा हातात धरून बसले होते. ‘ज्यानं हे ठरवलं ना, त्यानं स्वतः रात्री उभं राहून पाहिलंय,’ म्हणाले.

ऐकायला सोपं, पण काक्षी अवघड तारा आहे. एक तर तो तांबडा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो डोळ्यांत उजळत जातो, म्हणून झटकन पाहायचं आणि नजर काढून घ्यायची. दुसरं म्हणजे, त्याच्या तोडीचे तारे आकाशभर विखुरलेले आहेत. रोहिणी बरीच वर चढलेली असते तेव्हा प्रश्वा अजून खाली, कारखान्याच्या धुराड्यांच्या पातळीवर असतो. खालच्या ताऱ्याचा उजेड जाड हवेतून गाळून येतो, आणि आमच्याकडे डिसेंबर म्हणजे उसाचा गळीत हंगाम. जाळलेल्या पाचटाचा धूर रात्री दहापर्यंत शिवारावर पसरून राहतो. म्हणून आम्ही अकराच्या सुमाराला पाहायचो. तोवर सगळे तारे बऱ्यापैकी वर आलेले असत.

तीन हिवाळे वहीत ०.४, ०.५, ०.६, फार तर ०.७ असेच आकडे होते.

२०१९ च्या दिवाळीनंतर अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठवड्याभराने ते गच्चीवर आले, राजन्याकडे पाहिलं आणि गप्पच झाले. मग म्हणाले, ‘अगं, हा इतका निळा आहे? मला कधी सांगितलं नाहीस.’ मोतीबिंदूने पिवळसर झालेलं भिंग निळा प्रकाश अडवतं. वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं होत गेलेल्या डोळ्याला ते समजत नाही. भिंग बदललं की निळे-पांढरे तारे एका रात्रीत उजळतात, आणि त्यांच्या शेजारी तांबडा तारा जरा उतरल्यासारखा वाटतो.

हे मला ठाऊक होतं, मी वाचलेलं होतं. नेमकं तेच मला नडलं.

१८ तारखेला मी पेपर तपासत खाली बसले होते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते मी, सत्राचे गठ्ठे पडले होते. अण्णा जिन्यातून हाक मारू लागले. वर गेले. चंद्र उगवायचा होता, आकाश काळं होतं. अण्णा म्हणाले, ‘एक पूर्णांक दोन. पोलक्सच्याही खाली गेलाय.’ मी पाहिलं. मलाही तो पोलक्सपेक्षा किंचित मंदच दिसला. दुसऱ्यांदा पाहिलं, तरी तसाच. आणि मी म्हटलं, ‘अण्णा, डोळा नवीन आहे तुमचा. त्यात धूर. हे धरायला नको.’ ते काही बोलले नाहीत, वही माझ्याकडे सरकवली. मी रेघ मारली, सही केली.

धूर खाली होता. काक्षी साठ अंशांवर, जवळजवळ माथ्याकडे होता. नवीन डोळा अण्णांचा होता, माझा नव्हता. त्यात पोलक्सही केशरीच. तरी मी रेघ मारली, कारण तीन वर्षांची वही सांगत होती की हा तारा असा दिसत नाही. समोरच्या ताऱ्यापेक्षा मी मागच्या पानांवर विश्वास ठेवला.

आठ दिवसांनी, २६ डिसेंबरला, सूर्यग्रहण होतं. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. कॉलेजच्या मैदानावर ग्रहणचष्मे घेऊन मुलं जमली होती, आणि त्या गर्दीत एका विद्यार्थिनीने मोबाइल पुढे केला: ‘मॅडम, मृगातला तो लाल तारा विझतोय म्हणे, खरं का?’ बातमीत व्हिलानोव्हा विद्यापीठातल्या एडवर्ड गिनन यांचं नाव होतं. ते आणि रिचर्ड वासाटॉनिक पंचवीस वर्षं या ताऱ्याचा उजेड प्रकाशमापकाने मोजत आले होते. आपल्या नोंदींत काक्षी इतका मंद कधीच नव्हता, असं त्यांनी ८ डिसेंबरलाच जाहीर केलं होतं. अण्णांच्या आकड्याच्या दहा दिवस आधी.

मी घरी आले आणि वही उघडून अण्णांपुढे ठेवली. माफी कशी मागायची ते मला सुचत नव्हतं. त्यांनी चष्म्यातून पान पाहिलं. ‘रेघ एकच मारलीस ना? मग वाचता येतंय की,’ म्हणाले, आणि पेन दिलं. रेघेच्या शेजारी मी लिहिलं: ‘२६/१२. नोंद कायम. धूर नव्हता.’ पुन्हा सही.

जानेवारीत आम्ही एक गोष्ट केली, जी खरं तर डिसेंबरमध्येच करायला हवी होती. अण्णांचा डावा डोळा अजून जुनाच होता, पिवळ्या भिंगाचा. मी त्यांना आधी डावा झाकून पाहायला लावलं, मग उजवा. प्रश्वाशी तुलना केली की दोन डोळ्यांची उत्तरं वेगळी येत. पिवळ्या डोळ्याला काक्षी साधारण ०.२ ने उजळ वाटे. रोहिणीशी तुलना केली की मात्र दोन्ही डोळे एकच उत्तर देत. रोहिणी स्वतः केशरी आहे, पिवळं भिंग तिला आणि काक्षीला जवळजवळ सारखंच वागवतं. आणि रोहिणीशी तुलना करूनही काक्षी खालीच होता, चांगलाच खाली. म्हणजे मंदी डोळ्यातली नव्हती. वहीत त्या रात्रीपासून दोन रकाने झाले: ‘डावा’ आणि ‘उजवा’.

वहीतला एक आकडा किती गोष्टी मिळून होतो, हे मला त्या महिन्यात कळलं. त्यात थोडी हवा असते, थोडा डोळा असतो आणि उरलेला तारा. एकाच पद्धतीने पाहत राहिलं तर हे तिन्ही वेगळे करता येत नाहीत. दुसऱ्या डोळ्याने पाहावं लागतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काक्षी तळाला गेला. प्रकाशमापकांनी १.६१ ही प्रत मोजली. नेहमीच्या उजेडाचा साधारण एकतृतीयांश भाग उरला होता. आम्हाला त्यासाठी तक्त्याची गरजच पडली नाही. मृगाचे डोक्याजवळचे दोन्ही पाय सारखे दिसत होते. लहानपणापासून त्यातला एक ठसठशीत आणि दुसरा साधा पाहिलेला, आता दोन्ही साधे. आकाशातली एक ओळखीची आकृती बिघडलेली पाहणं फार विचित्र असतं. शेजारच्या काकू गच्चीवर वाळवणाच्या चादरी गोळा करायला आल्या होत्या, त्यांना दाखवलं. त्यांना कुठल्याही ताऱ्याचं नाव माहीत नाही. त्या लगेच म्हणाल्या, ‘हरणाचा पाय मुका झाला गं.’

त्या दिवसांत भेटेल तो विचारायचा, आता फुटणार का? काक्षी एक दिवस अतिनवतारा होऊन फुटणार हे खरं आहे. मात्र त्याच्या गाभ्यात अजून हेलियम जळतो आहे, आणि हिशेब लाख वर्षांच्या घरातले आहेत. मला तो प्रश्न जवळचा वाटला नाही. मला छळत होता तो दुसरा प्रश्न: उजेड गेला कुठे?

कारण इथेही एकच आकडा आणि त्यामागे अनेक शक्यता. तारा थंड झाला असेल, किंवा त्याच्या पृष्ठाचा एखादा मोठा भाग थंड झाला असेल. किंवा तारा होता तसाच असेल आणि मधे काहीतरी आडवं आलं असेल. डोळ्याला, प्रकाशमापकाला, सगळ्यांना हे एकसारखंच दिसतं: १.६. इथे ‘दुसरा डोळा’ म्हणजे वर्णपट, प्रकाश रंगांत उलगडून मिळणारा पट्टा.

रसायनशास्त्राची पहिली मजा मला वर्णपटानेच लावली. मिठाचा कण ज्योतीत धरला की ज्योत पिवळी होते, तांब्याची हिरवी. ज्वाला परीक्षणाच्या तासाला आजही मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. ताऱ्यांचा प्रकाश असा उलगडून पाहण्याचं काम पुण्यात फार पूर्वी झालं आहे, याची आपल्याकडे म्हणावी तशी आठवण नाही. कावसजी नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली, वीस इंची आरशाची दुर्बीण आणली आणि याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला. तो लेख १८९१ साली इंग्लंडमध्ये छापून आला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याला गेले की मी त्या जुन्या कॉलेजच्या आवारात एक फेरी मारते.

राजन्याचा वर्णपट शांत असतो: लांबलचक इंद्रधनुष्य, त्यात हायड्रोजनच्या काही बारीक रेघा. काक्षीचा वर्णपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा करवत आठवली. दर थोड्या अंतराने उजेड एकदम खाली कोसळतो आणि मग तांबड्या बाजूला सावकाश वर चढतो, पुन्हा कोसळतो. हे दात टायटेनियम ऑक्साइडच्या रेणूंनी पाडलेले असतात. सूर्याच्या पृष्ठावर पावणेसहा हजार केल्व्हिनला हे रेणू तगत नाहीत, तुटून जातात. काक्षीचं पृष्ठ साडेतीन हजार केल्व्हिनच्या थोडं वर आहे, तिथे ते टिकतात. तारा जितका थंड, तितके रेणू जास्त आणि दात तितके खोल. म्हणजे दातांची खोली हा तापमापक झाला. शिवाय हे रेणू नेमका डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळतात. काक्षीचा बहुतेक उजेड तसाही अवरक्तात, डोळ्यांच्या पलीकडे असतो. त्यामुळे तापमान थोडं उतरलं तरी आपल्याला तो पुष्कळ मंद दिसू शकतो.

आता मंदीच्या काळात दात खोल झाले होते का? एमिली लेव्हेस्क आणि फिलिप मॅसी या खगोलशास्त्रज्ञांनी १५ फेब्रुवारी २०२०ला, म्हणजे अगदी तळाशी, ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेच्या दुर्बिणीतून वर्णपट घेतला. मॅसी-लेव्हेस्क यांच्याकडे याच ताऱ्याचा २००४ चा वर्णपट होता, तेव्हा तापमान ३६५० केल्व्हिन आलं होतं. आता आलं ३६००. फक्त पन्नास अंशांचा फरक. एवढ्याने उजेड एकतृतीयांशावर येत नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की मधे धूळ आली आहे, आणि ती जाड कणांची आहे. बारीक धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, जाड धूळ सगळे रंग सारखेच अडवते, म्हणून वर्णपटाचा आकार फारसा न बदलता नुसता उजेड कमी होतो.

हा शोधनिबंध मी उन्हाळ्याच्या टाळेबंदीत वाचला. दोनदा वाचला. सोळा वर्षांपूर्वीचा एक वर्णपट कुणीतरी नीट ठेवला होता म्हणून हे सांगता आलं, आणि माझ्यासमोर माझीच रेघ होती.

धूळ कुठून आली याचा धागा हबल दुर्बिणीने दिला. अँड्रिया डुप्री आणि त्यांचे सहकारी २०१९ मध्ये काक्षीचा अतिनील वर्णपट घेत होते, मंदीची कुणाला कल्पनाही नसताना. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या वर्णपटांत त्यांना ताऱ्याच्या दक्षिण भागातून दाट, तापलेलं द्रव्य बाहेर पडताना दिसलं. तेच पुढे जाऊन थंड झालं आणि धुळीत गोठलं, असं त्यांचं म्हणणं. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून मिगेल माँटार्जेस यांच्या गटाने तर ताऱ्याची तबकडीच टिपली. जानेवारी २०१९ मध्ये ती गोल आणि भरलेली आहे, डिसेंबरमध्ये खालचा अर्धा भाग काळवंडलेला. ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली की अंगावर काटा येतो, कारण बाकी सगळे तारे आपल्याला टिंबासारखे दिसतात आणि इथे एका टिंबाला वरची-खालची बाजू आहे.

सगळ्यांचं एकमत मात्र झालं नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. थाविशा धर्मवर्धना यांच्या गटाने मिलिमीटरपेक्षा लहान लहरींत पाहिलं, तर त्यातही काक्षी वीस टक्क्यांनी मंद होता. त्या लहरींना धूळ अडवत नाही. म्हणजे पृष्ठच थंड पडलं असलं पाहिजे, मोठाले डाग आले असले पाहिजेत. मग २०२२ साली जपानमधून एक उत्तर आलं ते मला सर्वांत आवडलं. हिमावारी-८ हा हवामानाचा उपग्रह, पावसाळी ढग पाहणारा. पृथ्वीची चित्रं घेताना कडेच्या काळ्या आकाशात त्याला काक्षी आपोआप दिसत होता, साडेचार वर्षं, पाऊस-ऊन न बघता. दाइसुके तानिगुची आणि सहकाऱ्यांनी ती चित्रं धुंडाळली. उत्तर: तापमान १४० अंशांच्या आसपास उतरलं होतं आणि धूळही आली होती, मंदीत दोघांचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा.

निम्मा तारा, निम्मी धूळ. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे धूर होता म्हण की. आपल्याकडचा नव्हता एवढंच.’

२०२० च्या हिवाळ्यात मी एक लहान ग्रेटिंग घेतलं. मिलिमीटरला शंभर रेघा कोरलेली, प्रकाश रंगांत उलगडणारी काच, फिल्टरसारखी कॅमेऱ्यापुढे आट्यांनी बसते. आमची दुर्बीण पाच इंची, जुनी. पहिल्या तीन रात्री तारा चित्रात आला तर वर्णपट बाहेर, आणि वर्णपट आला तर फोकस गेलेला. चौथ्या रात्री आधी व्याध घेतला. त्याच्या वर्णपटातली हायड्रोजनची ४८६ नॅनोमीटरची रेघ ठसठशीत असते, ती सापडली की पट्टीवर मापाची खूण पडते. मग दुर्बीण काक्षीकडे वळवली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक मळकट रंगीत पट्टी आली, तिच्यात काळपट खाचा. आलेख काढला आणि करवतीचे दात एकेक करून उभे राहिले: ४९५ च्या जवळ, ५१७ च्या जवळ, मग ५४५, ६१६, आणि पार तांबड्यात ७०५ चा सर्वांत रुंद. साडेपाचशे-सातशे वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश, आणि त्यात प्रयोगशाळेतल्या कपाटावर नाव असलेल्या धातूचा रेणू.

‘साडेपाचशे-सातशे’ हे मोघम वाटेल, पण खरंच तेवढा फरक आहे. हा प्रकाश देवगिरीचं राज्य मोडत असताना निघाला की बहमनी काळात, हे नक्की सांगता येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा किंचित हलल्यासारखा दिसतो आणि त्यावरून अंतर निघतं. पण काक्षी स्वतःच पृथ्वीच्या कक्षेहून मोठा आहे. त्याचं ते हलणं त्याच्या तबकडीहून लहान भरतं. त्यात तबकडीवर मोठाले उजळ-काळे बुडबुडे, त्यामुळे मधला बिंदूही जागेवर राहत नाही. तबकडीचा आकार मायकेलसन आणि पीज यांनी १३ डिसेंबर १९२० रोजी माउंट विल्सनवर मोजला होता. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास मोजण्याची ती पहिली वेळ. आकार शंभर वर्षांपूर्वी मिळाला, अंतरावर अजून वाद आहे.

माझ्या ग्रेटिंगमधून पन्नास अंशांचा फरक कळणार नाही. पण एका हिवाळ्याचे दात दुसऱ्या हिवाळ्याशेजारी ठेवता येतात, ७०५ ची खाच किती खोल गेली ते पाहता येतं. मंदीचा वर्णपट मात्र माझ्यापाशी नाही. ती जागा रिकामीच राहणार.

असे आणखी तारे आहेत. शर्मिष्ठा तारकासमूहात एक पिवळा अतिप्रचंड तारा आहे, ऱ्हो कॅसिओपिया, काळोख्या गावात नुसत्या डोळ्यांना दिसतो. २०००-२००१ च्या सुमाराला त्याने पृथ्वीच्या दहा हजार पट द्रव्य फेकलं आणि तो इतका थंड झाला की पिवळ्या ताऱ्याच्या वर्णपटात काक्षीसारखे टायटेनियम ऑक्साइडचे दात उमटले, पुढे मावळले. हे पाहायला किती जणांनी किती रात्री घातल्या असतील! आजच्या बांगलादेशातल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र मला अशा वेळी आठवतात. रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून जास्त नोंदी त्यांनी केल्या. त्यांच्यासाठी अमेरिकेहून आलेली दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली आणि तिथून तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत. नोकरी दिवसा, तारे रात्री. अण्णांना मी त्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘वह्या आहेत का जपलेल्या?’

२०२१ मध्ये अण्णांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. खरं तर ते आधीच व्हायचं, करोनामुळे लांबलं. तारीख ठरल्यावर अण्णा म्हणाले, आदल्या रात्री एकदा दोन्ही डोळ्यांनी घेऊ. मार्चची रात्र होती, मृग पश्चिमेकडे झुकलेला. त्यांनी प्रश्वाशी आणि रोहिणीशी, डाव्याने आणि उजव्याने, चार आकडे दिले. मी लिहिले. त्यानंतर वहीत ‘डावा’ हा रकाना नाही.

काक्षी सावरला, पण पूर्वीसारखा झाला नाही. त्याची चारशे दिवसांची जुनी लय विस्कटली, जवळपास निम्म्या काळाचे हेलकावे दिसू लागले. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो शून्य प्रतीच्या आसपास गेला, आमच्या वहीतला सर्वांत तेजस्वी आकडा. या हेलकाव्यांखाली आणखी एक सुमारे सहा वर्षांची संथ लय आहे. ती एका लहान सोबती ताऱ्यामुळे असावी असा तर्क होता, आणि २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीतून तसा एक अतिशय मंद ठिपका काक्षीच्या अगदी लगत दिसल्याचं जाहीर झालं. मूळ ताऱ्यापेक्षा सहा प्रतींनी मंद. आम्हाला तो कधीच दिसणार नाही. पण वहीतल्या संथ चढउतारात त्याचा हात असेल तर तो आमच्या आकड्यांत आधीपासून आहे.

दर वर्षी मे महिन्यात काक्षी जरंडेश्वराच्या डोंगराकडे उतरतो आणि संधिप्रकाशात हरवतो. मग ७ जूनच्या आसपास सूर्य मृग नक्षत्रात जातो. गावात ‘मृग लागला’ म्हणतात, बियाण्याच्या पिशव्या निघतात, आणि त्या वेळी आकाशातला मृग नेमका सूर्यामागे असतो. पुढे आपल्याकडे ढग. २०२० मध्ये त्या महिन्यांत सूर्यावर नजर ठेवणाऱ्या स्टिरिओ यानाने पलीकडच्या बाजूने काक्षी पाहिला आणि तो पुन्हा मंदावल्याचं कळवलं, तेव्हा आमच्याकडे भाताची रोपं हातभर झाली होती. वहीत त्या काळाची पानं कोरी आहेत. ‘पाऊस’ एवढाच शब्द.

यंदाची शेवटची नोंद मेच्या पहिल्या आठवड्यातली. वळीव येऊन गेला होता, डोंगरावर वीज लकाकत होती. काक्षी क्षितिजापासून वीतभरही वर नव्हता. अण्णा म्हणाले ०.६. मला तो ०.८ वाटला. एवढ्या खाली हवा जाड, रोहिणी तर आधीच मावळलेली, तुलनेला फक्त वरचा प्रश्वा. कुणाचा धरायचा यावर आम्ही बोललो नाही. मी दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक, पुढे दोघांची आद्याक्षरं आणि शेरा: ‘क्षितिजाजवळ. वीज.’ अण्णांनी टॉर्च धरला होता. शाई वाळेपर्यंत त्यांनी वही मिटू दिली नाही.